रेघ चार बोटांवर

६ डिसेंबर

रेघ पुन्हा सरकलेली! काल दुपारी मी स्वतः चार बोटांवर ठेवली होती. स्वतःच्या हाताने. आज पेटी पुढ्यात ओढली, टॅब उभा केला — तर सहा बोटांवर.

नीट लिहून ठेवते, नाहीतर हेही विसरायची. पंकजाने दिवाळीला पुण्याहून टॅब पाठवला. पेटी वाजवताना एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर, मग पान उलटायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून लेकीने ही सोय केली. टॅबवर नोटेशन उजवीकडून डावीकडे आपलं आपण सरकत येतं. मध्ये एक उभी लाल रेघ. जो सूर रेघेला लागला तो वाजवायचा. रेघ बोटाने ओढून हवी तिथे ठेवता येते. मी डाव्या कडेपासून चार बोटं मोजून ठेवते. म्हणजे उजवीकडे पुढचं भरपूर दिसतं, धांदल होत नाही.

घरात आम्ही दोघंच. आणि हे तर टॅबला शिवतसुद्धा नाहीत. चोवीस वर्षं मिलिटरीच्या बँडात क्लॅरिनेट वाजवलेला माणूस! मला हे नोटेशन वाचायला यांनीच शिकवलं, पण कागदावर. "मी कागदाचा मानूस हाय. काचंवर कसलं वाजवायचं!" तरी आज विचारलंच. "मी कशाला हात लावू त्याला?" केवढ्याने ओरडले.

मग कोणी हलवली?

८ डिसेंबर

आज चार बोटांवरच आहे. उगाच घाबरले. वेडी कुठली!

११ डिसेंबर

सात बोटं. आणि सूर हे एवढाले मोठे झालेले, हरभऱ्याएवढे. मी कधी केले मोठे?

पंकजाला फोन केला. सहज विचारतेय असं दाखवून. "आपोआप नाही गं हलत, आई. बोटाने ओढावीच लागते. तूच ओढली असशील आणि विसरली असशील." ती हसली. मीही हसले. फोन ठेवला आणि माझी आई आठवली.

तिचं असंच सुरू झालं होतं, माहेरी पाथर्डीला. आधी चष्मा सापडेना, मग किल्ल्या. मग एक दिवस पिठाच्या डब्यात चपला निघाल्या. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुमी कोनाच्या?" तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती. मी आता अठ्ठावन्न.

१५ डिसेंबर

युक्ती केली. कपाळाची टिकली काढून टॅबच्या चौकटीला चिकटवली, बरोब्बर चार बोटांवर. रेघ टिकलीखाली आणून ठेवली. आता बघू. दुपारचे चार वाजलेत, मी पूर्ण शुद्धीत आहे आणि हे मीच लिहिते आहे. — रोहिणी.

१६ डिसेंबर

टिकली जागेवर. रेघ आठ बोटांवर.

सकाळी दहा ते बारा मी शाळेत होते, सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमासाठी मुलांची तालीम घ्यायला. त्याआधी हलवली मी, की आल्यावर? आठवत नाही. काहीच कसं आठवत नाही गं बाई!

२१ डिसेंबर

आज कप फुटला. यांच्या डाव्या हाताशी चहा ठेवला होता, यांचं कोपर लागलं. "हितं कुठं कडंला ठेवती! ध्यान कुठं हाय तुझं?" मी म्हणणार होते, रोज तिथंच ठेवते. पण म्हटलं कशावरून? ठेवला असेन कडेला. माझा आता माझ्यावर काय भरवसा! काचा उचलल्या.

दुपारी ताटातली चटणी तशीच राहिली. कांदा तसाच, लिंबाची फोडही तशीच. आठ दिवसांत तिसऱ्यांदा. पूर्वी जेवायला बसले की या माणसाला आधी चटणी लागायची. सासूबाईंची शिस्त — चटणी, कांदा, लिंबू डावीकडे, भाजी उजवीकडे, इकडचं तिकडे चालायचं नाही. ते तरी मी विसरले नाही. मग बिघडलं काय? चाखून बघितली. मीठ बरोबर लागलं. पण आईलाही सगळं बरोबरच लागायचं.

२९ डिसेंबर

तालीम पार फिसकटली. रेघ नऊ बोटांवर होती ते मी वाजवायला बसल्यावर पाहिलं. यांच्यासमोर ओढाओढ करायला लाज वाटली, तशीच बसले. पुढचं काही दिसेना. सूर एकदम रेघेवर येऊन आदळायचे. दोनदा अडले.

हे डोळे मिटून वाजवत होते. कागद समोर ठेवलेला, पण बघत नव्हते. यांना सगळं पाठ आहे. आणि मला कालचं आठवत नाही.

शेवटी म्हणाले, "आगं, काय झालंय तुला?"

सांगणार होते. अगदी ओठावर आलं होतं. पण मी बोलले ते वेगळंच — "सव्वीस जानेवारीला मी नाही वाजवत. मुलं आणि तुम्ही वाजवा. मी कारभारी सरांना सांगते तसं." शाळेचे हेडमास्तर ते, समजून घेतील.

यांचा चेहराच उतरला. "न्हाई, न्हाई. तुझी पेटी शेजारी पायजे मला. तू न्हाई तर मी पन न्हाई." एवढं घाबरायला काय झालं? याच माणसाने हजारांच्या गर्दीत एकट्याने वाजवलंय. माझ्याबद्दल काही कळलंय का यांना? मला सांभाळून घेतायत का?

३ जानेवारी

सतराचा पाढा न चुकता म्हटला. सगळ्या पुतण्यांची नावं आठवली. धाकट्या नणंदेच्या लग्नाची तारीख नाही आठवली. ती आधी तरी माहीत होती का?

९ जानेवारी

पंकजाचा फोन आला, उचलला नाही. तिच्याशी बोलताना काहीतरी दोनदा बोलले तर? ती हुशार आहे. लगेच ओळखेल.

१६ जानेवारी

परवा सकाळपर्यंत पाथर्डीला, भावाकडे. एसटीत उतरायचं ठिकाण मनाशी घोकत बसले होते! वहिनीला सहज विचारल्यासारखं विचारलं, आईचं तुमच्या लक्षात कधी आलं?

वहिनी भाकरी थापता थापता म्हणाली, "आमच्या लक्षात आलं ताई. त्यास्नी सवताला कदीच न्हाई कळलं. आपलं समदं बराबर हाय असंच वाटायचं."

मग मला कळतंय हे चांगलं की वाईट? आईचं पलंगावर पडून राहणं आठवलं. मी अशी झाले तर यांनी काय करायचं? यांना चहासुद्धा धड करता येत नाही. भीती वाटते. लई भीती वाटते. इथे लिहिते, दुसऱ्या कोणाला सांगू?

१८ जानेवारी

घरी आले. पिशवी दारात टाकली आणि आधी टॅब बघितला.

अकरा बोटं!

दोन दिवस मी या घरात नव्हते. जाताना रेघ टिकलीखाली ठेवली होती, वहीत मागच्या पानावर लिहिलंय — चार बोटं, १६ तारीख, सकाळी सहा. आणि आता अकरा. मी नाही! मी नाही, मी नाही! स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात धरून हसले. चुलत जावेच्या हळदीत नाचले होते तशी नाचले, ओट्यापासून दारापर्यंत. बाई गं, कित्ती दिवसांनी श्वास घेतला.

चहा करताना डोक्यात आलं. मी नाही, तर मग हे. मी शाळेत गेले की चोरून टॅबवर वाजवतात? मग खोटं का बोलले? आणि रेघ दर वेळी उजवीकडेच का?

हे बाहेरून आले. डावा खांदा दाराच्या चौकटीला धाडकन लागला. "कोनी इतकी अरुंद केली ही दारं," म्हणाले. तेहतीस वर्षं याच दारातून ये-जा आहे.



१९ जानेवारी

आज सासूबाईंची शिस्त मोडली. चटणी, कांदा, लिंबू — सगळं उजवीकडे वाढलं. डावी बाजू मोकळी ठेवली.

दुसऱ्याच घासाला हे खुलले. "वा! लई दिसांनी चटणी केलीस!"

रोज करते. रोज वाढते. डावीकडे. डावीकडचं यांना दिसतच नाही. म्हणून रेघ उजवीकडे, म्हणून कागद समोर असून डोळे मिटलेले.

आणि काल मी नाचले.