हॉलमधला खिळा

तारनाका, हैदराबाद
१८ नोव्हेंबर २०२४

आदरणीय दादा,

सप्रेम जयभीम. आम्ही खुशाल आहोत. आईचे गुडघे कसे आहेत? पाठवलेलं तेल लावते का, की तेही सणासाठी जपून ठेवलंय?

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. इथं रेंज फक्त जिन्यात मिळते आणि जिन्याखाली आमच्या घरमालकीण सुशीलाबाई भाजी निवडत बसलेल्या असतात. कान भारी तिखट आहेत बाईंचे. म्हणूनच तुम्ही फोनवर जयभीम म्हणता तेव्हा मी नुसतं "हं, बोला" म्हणते. तुमच्या लक्षात आलंच असेल. तुम्ही विचारलं नाहीत.

घर छान आहे, अमरदीपचं रेल्वेचं ऑफिसही जवळ. पण गेल्या महिन्यापासून सुशीलाबाईंची नात त्रिवेणी वही घेऊन वर येते. चित्रकलेच्या कॉलेजात आहे. घरातल्या रोजच्या वस्तू काढायच्या आणि त्यावरून माणसं कुठल्या थरातली ते ओळखायचं, असा म्हणे अभ्यास आहे. कुठंतरी पाणी मुरतंय, हे मला पहिल्याच दिवशी वाटलं.

आडनाव जाधव, बोलणं मराठी, एवढ्यावर सुशीलाबाईंनी आम्हाला 'आपल्यातलेच' धरलं होतं आणि आम्ही गप्प बसलो होतो. आता त्यांना शंका आली, म्हणून नातीला धाडलं असणार. कळलं तर हेही घर जाणार. आधीची दोन घरं कशी गेली, तुम्हाला ठाऊक आहे.

मीही काही कमी नाही. चेपलेलं पातेलं माळ्यावर टाकलं, ओट्यावर काचेचे कप मांडले, नवा मिक्सर पुढं ओढला. काढ म्हटलं काय काढायचं ते. पण पोरगी काढायची चहाची गाळणी, नाहीतर अमरदीपच्या बनियनचं केलेलं पायपुसणं. वही रोज खाली जायची. आजी त्यात काय शोधत असेल, या विचारात माझी भाजी करपायची.

काल तिनं हॉलमधली भिंत काढली. कोरी भिंत, मधोमध खिळा आणि खिळ्याची लांब सावली. म्हणाली, "आंटी, हितं काय लावणार होते? खिळा नवा दिसायलाय, आन् रिकामाच."

दादा, तुम्ही दिलेला बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर नाही. राहायला आलो त्याच दिवशी अमरदीपनं तो खिळा ठोकला, तेवढ्यात सुशीलाबाई पेढे घेऊन आल्या आणि आम्हाला 'आपल्यातलेच' म्हणाल्या. फोटो मी माझ्या हातानं कपाटात, गोधड्यांमागं ठेवला. तुम्हाला मात्र लावलाय म्हणून सांगितलं. तेव्हापासून त्या भिंतीकडं पाठ करून जेवते. फार लाज वाटते.

त्रिवेणीला मी 'कॅलेंडर' म्हणून सांगणार होते. पण आणखी एक खोटं नकोसं झालं. मग कपाट उघडलं. तिनं फोटो धरला, मी काच पुसली आणि स्टुलावर चढून लावला. "आता जरा बाजूला व्हा" म्हणाली आणि चित्र पूर्ण केलं. तिच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. माझा संशय अजून गेलेला नाही.

वही काल संध्याकाळीच खाली गेली. आज जिन्याखाली कुणी भाजी निवडायला बसलेलं नाही. चेपलेलं पातेलं मी माळ्यावरून काढलंय, त्यातच चहा केला.

पत्र पोचलं की फोन करा. जिन्यातूनच उचलीन. तुम्ही आधी जे म्हणता तेच मीही म्हणेन, खालपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

तुमचीच,
माधवी