दाराबाहेरच्या चपला

अण्णा, काल मी वागळे इस्टेटमध्ये मुलाच्या ऑफिसात गेले होते. अचानक भोंगा वाजला आणि सगळे जिन्याने शिस्तीत खाली उतरले. आगीचा सराव होता म्हणे. मी मात्र आधी लोकांच्या पायांकडे पाहिलं. सगळ्यांच्या पायांत काही ना काही होतं. तेव्हापासून तुम्हाला एक विचारायचं मनात घोळतंय.

शहाडच्या वाटेवरच्या आपल्या कापूस पिंजायच्या कारखान्यात मी तुमची पत्रं लिहायला बसायची. स्वातंत्र्यानंतर कारखान्यांचा नवा कायदा आला, तोही मीच वाचून दाखवला. माणसं आत असताना दाराला कुलूप नको, दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे, आगीत बाहेर पडायची वाट कामगारांना कळेल अशा भाषेत लाल अक्षरांत दाखवली पाहिजे, आणि हे सगळं मालकाने बघायचं. प्रत्येक वाक्याला तुम्ही "बरोबर आहे" म्हणत होता, जणू कायदा तुम्हालाच विचारून केला होता. सुताराकडून दार उलटं बसवून घेतलंत, अक्षरं माझ्याकडून रंगवून घेतलीत. तुमचा स्वतःचा एक नियम मात्र तसाच राहिला. यंत्र म्हणजे लक्ष्मी, तेव्हा चपला दाराबाहेर.

मग एक दिवस ते तपासणीचे सरकारी इन्स्पेक्टर येतात. कागद बघतात, दार बघतात, खूश होतात आणि सहज म्हणतात, घंटा वाजवा बघू. घंटा वाजते, तीसेक बायका-माणसं दाराशी येतात, आणि दार वीतभर उघडून अडतं. आपण सगळे आत, मागे कापसाचे ढीग. कुणीच हसत नाही. शेवटी एकजण खिडकीतून पलीकडे उतरतो आणि दाराखाली रुतलेली चप्पल ओढून काढतो.

तुमचा चेहरा इतका उतरलेला मी तोवर पाहिला नव्हता. "कुणाची ही?" तुम्ही विचारलंत. कामावरची सगळ्यांत म्हातारी बाई पुढे आली. "माजी हाय, शेट." तुम्ही चप्पल हातात घेऊन उलटसुलट पाहिलीत. मग म्हणालात, "चूक तुझी नाही. बाहेर काढायला मी सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी तुम्ही यंत्राला हात जोडलेत आणि सगळ्यांसमोर वहाणा घालून आत गेलात. ते तुम्हाला किती जड गेलं, मला दिसत होतं. तुमचा इतका अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही, आणि स्वतःची इतकी लाजही.

कारण लाल गोंड्याची ती चप्पल माझी होती. तुम्हीच लेकीसाठी कल्याणच्या बाजारातून आणलेली. उशीर झाला म्हणून मी ती घाईत दाराला खेटून काढली होती. त्या संध्याकाळी मी तुमच्या शेजारून घरापर्यंत अनवाणी चालले आणि तुम्ही एकदाही खाली पाहिलं नाहीत. ओळखली होतीत ना, अण्णा? की खरंच लक्ष नव्हतं?

पत्र लिहून झालंय, पाठवायचं कुठे? एक मात्र कबूल करते. त्या बाईच्या पायांत आधी कधीच चप्पल नसायची. त्या दिवसापासून ती माझी जोडी घालून यायची, टाचा मागे बाहेर आलेल्या. ती काम सोडून गेली तोवर मी तिला एका शब्दाने काही म्हटलं नाही.