मनगट धरून बसथांब्यापर्यंत

तीर्थस्वरूप सासूबाईंच्या चरणी,

जावयाचा नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? सासरेबुवांचा खोकला एव्हाना थांबला असेल. इकडे आम्ही मजेत आहोत (म्हणजे मी आहे, ‘आम्ही’तली दुसरी व्यक्ती सध्या तुमच्याकडेच आहे).

तिनं काय सांगितलंय ठाऊक नाही, पण खरा दोष जुन्या बाजारात मिळालेल्या पुस्तकांचा. नावाजलेल्या जादूगारांनी आणि मनकवड्यांनी स्वतः लिहिलेली. पत्ते पंख्यानं उडवले, रुमालातून अंडं निघण्याऐवजी अंड्यातून रुमाल काढावा लागला, तेव्हा मी मनकवडेपणाकडे वळलो (त्यात धुण्याचं काम नसतं). त्यातला पहिला नियम असा, की समोरच्याच्या मनातलं छातीठोक सांगावं आणि तो नाही म्हणाला तरी माघार घेऊ नये. आमच्या चष्म्याच्या दुकानात हे चाललं नाही. गिऱ्हाईक म्हणे खालची ओळ दिसत नाही, मी म्हणे दिसतेय. मालकांनी मला मागे काचा घासायला बसवलं. मग उरली तुमची लेक. मी सांगायचो, तुला सिनेमाला जावंसं वाटतंय. ती म्हणायची, मला झोप येतेय. मी म्हणायचो, ते वरवरचं, आत सिनेमाच आहे. पुढेपुढे ती बोलेनाशीच झाली, आणि माझं बरोबर येऊ लागलंय असं मी धरून चाललो.

रविवारी मनगटाचा प्रयोग केला. समोरच्यानं वस्तू लपवायची, आपण डोळे बांधून त्याचं मनगट धरायचं. हात म्हणे नकळत वस्तूकडे ओढतो. तिनं कपाटाची किल्ली लपवली. काय ओढ होती, सासूबाई! जिना उतरलो, (शेजारचे वकील ‘सांभाळून हं’ म्हणाले) रस्ता ओलांडला. इतक्या लांब लपवली म्हणून मी तिचं कौतुकही केलं. एकाएकी मनगट सुटलं. पट्टी काढली तर मी बसथांब्यावर, आणि ती तुमच्या गावच्या बसमध्ये, खिडकीपाशी. मी हात हलवला. तिनं नाही हलवला. तेव्हापासून घरात करमत नाही.

लोभ आहे की नाही मला सांगता येत नाही; असला तर राहू द्यावा.

तुमचा जावई

ता. क. किल्ली तिच्या पर्समध्ये आहे. माझे शर्ट कपाटात अडकलेत. तेवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. आणखी एक. तेवढ्यासाठी नाही. शर्टांचं मी बघेन. ती परत येणार आहे का, एवढं तिला विचाराल? आणि ती नाही म्हणाली, तर नाहीच लिहा.