भागीदाराने समक्ष हजर राहावे

जोहे, ता. पेण
एप्रिल १९९८

प्रिय नमू,

तुला आणि निलेशरावांना आशीर्वाद. खुशाली मागाहून लिहिते, आधी मला भांडायचंय. परवा फोनवर तू हसत हसत सांगितलंस की सिंगापूरला मूर्ती मागवायचा परवाना एका दुपारी संगणकावरच मिळाला, कोणी तुझं तोंडसुद्धा पाहिलं नाही. बूथमधला मीटर पळत होता म्हणून मी फोन ठेवला. आता ऐक. इथून मूर्ती पाठवायच्या तर ज्याला त्याला माझं तोंड बघायचं असतं, आणि एकदा बघून कोणाचं भागत नाही.

मायलेकींची फर्म काढायची हे खूळ तुझं. निर्यातीचा नंबर मिळाला नाही तर आपल्या मूर्ती बोटीवर चढणार नाहीत, आणि वैशाखात चढल्या नाहीत तर तुमच्या मंडळाचा गणपती दुसऱ्याच कोणाच्या कारखान्यातून येईल. हे मला पाठ आहे, दर फोनला सांगत जाऊ नकोस.

त्या नंबरासाठी बँकेचा दाखला हवा. आपलं खातं रोह्याला, कारण तू तिथे धाटावच्या कंपनीत होतीस तेव्हा उघडलंस. म्हणजे मी आधी एसटीने पेण गाठायचं, मग रेल्वे. गाडी निडी स्टेशनात थांबली ती थांबलीच. एक बाई तेवढ्यात वाल सोलून मोकळी झाली. बँकेत पोचले तर हैबतराव क्लार्क म्हणतो, “मावशी, दाखला टाइप झालाय, पन सायब नाय. उद्या या.” मी म्हटलं, अरे, सायबांनी जाताना सही तरी करून जायची! तर तो हसला आणि पाणी दिलं. पाणी मात्र सगळीकडे देतात हो. दाखला मिळाला तो पुढच्या खेपेला.

मग कोणीतरी सांगितलं, अलिबागच्या एका कचेरीत संगणक आलाय, कामं चुटकीसरशी होतात. गेले. दारात चपला काढायला लावल्या. आत गारठा, आणि कुंकवाचं बोट लावलेला तो संगणक प्लास्टिकच्या आवरणाखाली गप्प बसलेला. तो चालवणारा माणूस ट्रेनिंगला गेला होता. शेजारच्या बाईंनी माझा नंबराचा अर्ज हातानेच उतरवून घेतला. बाहेर आले तर माझ्या चपला कोणीतरी घालून गेलेलं. तेवढं एक काम त्या कचेरीत झटपट झालं.

शेवटी मुंबई, नंबर देणारी मोठी कचेरी. तिथे मालाचा नमुना मागितला. मी वीतभर मूर्ती कापडात गुंडाळून पिशवीतून नेली होती. रंग, दागिने, शेला, सगळं झालेलं, डोळे तेवढे नव्हते. साहेबाने मूर्ती फिरवून पाहिली आणि म्हणाला, “बाई, हा अपूर्ण माल आहे.” मी समजावलं, आमच्यात डोळे अगदी शेवटी आखतात. एकदा आखले की तिला माल म्हणत नाहीत, पिशवीत घालत नाहीत, मांडीवर घेऊन बसावं लागतं. माणूस वाईट नव्हता, ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाला, फॉर्ममध्ये तसा रकाना नाही. पूर्ण नमुना आणा, आणि दोन्ही भागीदारांनी समक्ष हजर राहावे.

समक्ष! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, माझी भागीदार समुद्रापार आहे, म्हणून तर हा धंदा आहे. तो घाबरून म्हणाला की वकिलातीचा शिक्का मारलेलं पत्रही चालेल. मी तणतणत जिना उतरले आणि खालच्या पायरीवर बसले. रागाने रडू येतं तसं आलं. मग उठले आणि पुन्हा वर गेले.

नमू, साहेबाला सांगितलं ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. डोळे शेवटी आखतात खरं, पण यंदा तो शेवट आलेलाच नाही. माघापासून तुझ्या बाबांचा उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणतात, आता असाच राहील. शेडमध्ये रंगवलेल्या मूर्ती ओळीने बसल्यात, एकीलाही डोळे नाहीत. हिरामण कारागिराला आखायला बोलावते म्हटलं, तर बाबा ब्रश उशाखाली घेऊन निजायला लागले. तुला कळवायचं नाही म्हणून मला शपथ घातलीय. परवा जेवताना घास सांडला तेव्हा एवढंच बोलले, “नमूचा हात कसा थिर हाय गो.” आणि ताट सारलं.

म्हणून मी परत वर जाऊन साहेबाला सांगितलं, पत्र-बित्र नको, माझी भागीदार स्वतः येतेय. तुला न विचारताच. त्याने अक्षय तृतीयेनंतरची तारीख दिलीय. तीन गणपती झाले तुला बघून. सगळ्या कचेऱ्यांना माझं तोंड बघायचं होतं, मला तुझं बघायचंय. आलीस की बाबांच्या शेजारी बस आणि डोळे आख. मग ती मूर्ती मांडीवर घेऊन आपण दोघी मुंबईला जाऊ. मी कळवलं हे बाबांना सांगू नकोस. अचानक कशी आलीस विचारलं, तर म्हण, काय करू बाबा, सरकारी नियम आहे, भागीदाराने समक्ष हजर राहावे.

तुझीच वाट बघणारी भागीदार,
आई