पूजेसाठी काढलेल्या वायरी

खंडेनवमी, संध्याकाळ

सकाळी शिलाई मशीनसोबत नेटच्या स्विचचीही, त्या वायरी खोचायच्या डबीची, पूजा केली. पुसायला सगळ्या वायरी काढल्या, मग जमतील तशा खोचल्या.

आत्ता चाकणहून, कंपनीतून, नीलेशचा फोन. "आई, काय केलंस हे? वरच्या भाडेकरूंचं नेट वेगळं राहावं म्हणून प्रत्येक भोकाला व्हीलॅन, म्हणजे वेगळी वाट, ठरवून दिला होता मी! आता आजीच्या खोलीतला कॅमेराही त्यांना दिसू शकतो."

दुपारी त्या कॅमेऱ्यासमोरच सासूबाईंचं अंग पुसलं, लुगडं बदललं. वरची पोरं चांगली आहेत, मला काकू म्हणतात. पण लुगडं दुपारीच बदललं ना!

स्विच बंद केला. लगेच वरचा एकजण दारात. "काकू, नेट गेलं का?" त्याच्या तोंडाकडे बघवेना. आई भवानी, त्यांनी काही पाहिलं नसेल, एवढं मला कसंही करून कळव.