उतारावरची घंटा

१७ ऑगस्ट, शनिवार

नवा सीझन, नवी वही. संकल्प: एक, हेरॉन्सचा, म्हणजे आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा, घरच्या मैदानावरचा एकही सामना चुकवायचा नाही. दोन, हरलो तरी कोचला दोष द्यायचा नाही. तीन, डॅडींना या वर्षी कोरड्या जागी बसवायचं.

तिसरा आजच पुरा झाला. बेल्डन स्टेट कॉलेजकडून पाकीट आलं. पदवीधरांच्या स्टँडमधल्या दोन खुर्च्या, अकरा आणि बारा. वर छप्पर, पाठीला टेकू.

मी चार वर्षांची असल्यापासून आम्ही दोघं गोलपोस्टमागच्या गवताच्या उतारावर बसत आलो. खाली ताडपत्री असली तरी मध्यंतरापर्यंत पँट ओली. डॅडी अडतीस वर्षं प्लायवूडच्या गिरणीत उभे आहेत. शनिवारी तरी त्यांना पाठ टेकता यावी. म्हणून तर मी शिकले. म्हणजे फक्त म्हणून नाही, पण म्हणूनही.

फोनवर सांगितलं तर त्यांनी खुर्च्यांचे नंबर दोनदा विचारले. मग म्हणाले, "अगं, मग वेंडेलच्या कूलरचं काय?" वेंडेल म्हणजे त्यांचा उतारावरचा दोस्त, थंड बाटल्यांची पेटी घेऊन येणारा. डॅडी भारावून गेले होते, स्पष्ट कळत होतं.

२० ऑगस्ट, मंगळवार

स्टेडियम कसं सुधारावं याबद्दल पदवीधर कार्यालयाने सूचना मागवल्यात. दोन पानं लिहिली. शेवटचं वाक्य तीनदा खोडून मग जमलं: "ज्यांच्या हातांनी हे गाव उभं राहिलं, त्यांनी ओल्या गवतावर का बसावं?" वाचून मलाच भरून आलं. शाळेतून येताना पोस्टात टाकलं.

भाकीत: या वर्षी आपण सात जिंकणार. बारा सामन्यांपैकी सहा जिंकले तरी डिसेंबरात बाऊल गेमचं, म्हणजे सीझननंतरच्या मानाच्या सामन्याचं, आमंत्रण येतं. आपल्याला अकरा वर्षांत आलेलं नाही. आलं तर मी आणि डॅडी जाणार, सामना कुठल्याही गावी असो. त्यांनी कबूल केलंय. ते अजून या राज्याबाहेर गेलेले नाहीत.

३१ ऑगस्ट, शनिवार

हरलो. १०–३४. पण पहिला क्वार्टर आपलाच होता.

दाराशी गार्डने घंटा अडवली. आजोबांच्या गाईच्या गळ्यातली ही घंटा तडकलेली आहे, त्यामुळे ठण वाजत नाही, खळ्ळ वाजते. समोरच्या टीमचा थर्ड डाउन, म्हणजे मोक्याचा तिसरा प्रयत्न, आला की डॅडी ती वाजवतात, सुरुवातीपासूनचा रिवाज. पदवीधरांच्या स्टँडमध्ये आवाजाच्या वस्तू चालत नाहीत. मी त्यांना नियम वाचून दाखवला. ते घंटा पिकअपमध्ये ठेवून आले. मग बिल्ले मिळाले. माझ्यावर माझं पदवीचं वर्ष, त्यांच्यावर 'पाहुणे'.

शेजारी मिस्टर व्हिटलॉक. वकील, फार सभ्य माणूस. डॅडींचा बिल्ला जॅकेटखाली गेला होता. व्हिटलॉकनी विचारलं, "आपण कुठल्या वर्षीचे?" डॅडी म्हणाले, "एक्क्याऐंशी." व्हिटलॉक एकदम खूश, तेही एक्क्याऐंशीचेच! मग कुठलं हॉस्टेल, केमिस्ट्रीचे ते चष्मा हरवणारे प्रोफेसर आठवतात का. डॅडी नुसते हसत होते. गैरसमज वाढायच्या आत मी उलगडा केला: डॅडी पदवीधर नाहीत, एक्क्याऐंशी साली ते गिरणीत लागले आणि पहिल्यांदा मॅचला आले, पदवीधर मी, घरातली पहिली. व्हिटलॉक मला म्हणाले, "वा, कौतुक आहे तुमचं." खरं बोललेलं केव्हाही बरं.

त्यानंतर डॅडींनी बिल्ला काढून जॅकेटवर नीट लावला. एकदाच थर्ड डाउनला उभे राहिले, तर मागून कुणीतरी म्हणालं, "काका, बसून घ्या, दिसत नाही." मग हात मांडीवर ठेवून बसले ते शेवटपर्यंत. पराभव फारच मनाला लावून घेतात.

७ सप्टेंबर, शनिवार

बाहेरगावी. ०–४१. वारा होता.

१४ सप्टेंबर, शनिवार

डॅडी आले नाहीत. म्हणाले, नव्या खुर्चीने पाठ धरली. अडतीस वर्षं गवताने नाही धरली, खुर्चीने धरली. हाडांना चांगल्याची सवय व्हायला वेळ लागतो. तातडीने उशी आणली आणि अकरा नंबरवर ठेवली.

हरलो, १७–२०. याला नैतिक विजय म्हणायला हरकत नाही.

एक हृद्य गोष्ट: थर्ड डाउनला उतारावरून घंटा ऐकू आली. तशीच, खळ्ळ. कुणीतरी डॅडींचा रिवाज पुढे चालवतंय! संध्याकाळी फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "हो का? असेल कोणीतरी." आवाज पार बसला होता. घरात बसून सर्दी झाली असावी. मध आणि लिंबू घ्यायला सांगितलं.

२८ सप्टेंबर, शनिवार

डॅडी नाहीत. पिकअप बिघडलीय. सामन्याच्या आधी घरी फोन केला तर मॉमा म्हणाली, तो गाडीखाली आहे. बोलाव म्हटलं, तर म्हणाली, "गाडीखालून माणूस असा ओढून काढतात का? तू तुझी मॅच बघ ना, बाळा." मॉमा हल्ली तुटक बोलते. शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम जड होत असणार.

१३–३८. घंटावाला आज फार जोरात होता. नको तिथेही वाजवत होता, अगदी डॅडींसारखा.

५ ऑक्टोबर, शनिवार

मधला न लिहिलेला एक धरून सहा सामने, सहा पराभव. उरले सहा, आणि हवेतही सहा. म्हणजे गणित उलट सोपं झालं.

पदवीधर कार्यालयाचं उत्तर आलं. माझी सूचना 'समितीला विशेष भावली'. माझ्या शब्दांनी या गावात काही बदलू शकतं! पत्र फ्रिजवर लावलं. डॅडींना आत्ता सांगायचं नाही, काम झालं की एकदम दाखवायचं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

होमकमिंगचा सामना. गाव सोडून गेलेले सगळे या दिवशी परत येतात. डॅडी आले नाहीत. पाठ.

नवी दुर्बीण नेली होती, आपले लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतली पोरं, नेमके कुठे चुकतात त्याचा अभ्यास करायला. टाइमआउटमध्ये सहज उतारावर फिरवली. वेंडेलच्या कूलरजवळ एक माणूस पाठमोरा उभा. हिरवी विणलेली टोपी, तिला तांबडा गोंडा. डॅडींच्या टोपीलाही तांबडाच आहे, कारण मॉमाची हिरवी लोकर ऐन वेळी संपली होती. पण हिरवी लोकर गावात कुणाचीही संपू शकते.

दुर्बीण परत लाइनमनकडे वळवली. त्यांच्या पायांत दोष आहे.

६–२७. बाऊलसाठी सहा आता शक्य नाहीत. तरी आशा आहे: कधी जागा उरली तर पाच जिंकलेल्या पण अभ्यासात हुशार असलेल्या टीमला बोलावतात. शिक्षण कुठेतरी कामी येतंच.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आठवा. उरले चार. हुशारीचाही उपयोग नाही.

डॅडींना फोन करून सांगितलं की बाऊलला जाणं या वर्षी होत नाही. ते म्हणाले, "अगं, बाऊलला कोण गेलं होतं कधी? आपण तर शनिवारसाठी जायचो." मी विचारलं, मग शनिवारी का येत नाही? म्हणाले, बटाटे करपतायत, आणि फोन ठेवला. डॅडी स्वयंपाक करत नाहीत.

२७ ऑक्टोबर, रविवार

काल घरच्या मैदानावर हरलो, १४–४५. लिहवेना म्हणून आज लिहितेय.

सकाळी किराण्याच्या दुकानात वेंडेल भेटला. मोठ्याने म्हणाला, "काय प्रोफेसरबाई, छपराखालून हरणं जरा कमी दिसतं का हो?" मी म्हटलं, मी सहावीला शिकवते, प्रोफेसर नाही. तो म्हणाला, "तेच ते. तुझ्या बापाने काल घसा फोडला नुसता, रेफरीची आई—" आणि थांबला. पावाची लादी उलटसुलट करून बघितली. मग म्हणाला, "म्हणजे घरी. टीव्हीसमोर फोडला असेल."

आपले सामने टीव्हीवर लागत नाहीत. वेंडेल विसरभोळा व्हायला लागलाय. वयच आहे.

संकल्प: पाव दुसऱ्या दुकानातून आणायचा.

९ नोव्हेंबर, शनिवार

दहावा. बाहेरगावी, रेडिओवर ऐकला. तीन फंबल, तीनदा बॉल हातातून सुटला.

एक निरीक्षण: पदवीधर मध्यंतरालाच निघून जातात. व्हिटलॉक तर आता येतच नाहीत. उतारावरचे शेवटच्या मिनिटापर्यंत बसतात. का, ते कळत नाही. बहुधा त्यांना गाडीपर्यंत लांब चालावं लागतं म्हणून गर्दी ओसरायची वाट बघत असतील. पण मीही तिथे लहानपणापासून बसले. आम्ही कशाची वाट बघायचो ते आठवत नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

जिंकलो. १६–१४.

घरचा शेवटचा सामना. वरून पावसासारखा बर्फ. डॅडींनी सकाळीच कळवलं होतं, पाठ. तिसऱ्या क्वार्टरला माझ्या रांगेत मी आणि उशी, बस्स. शेवटचं मिनिट, दोन गुणांची आघाडी, समोरची टीम उताराच्या टोकाला, आपल्या गोलपासून चार यार्डांवर. थर्ड डाउन. पूर्ण स्टेडियममध्ये एकच आवाज: खळ्ळ खळ्ळ खळ्ळ. त्यांच्या पोरांना एकमेकांची हाक ऐकू जाईना. बॉल निसटला आणि आपल्या मुलाने त्याच्यावर अंग टाकलं.

सगळे मैदानात धावले. मीही. उतारावरची माणसं बसल्या बसल्या घसरत खाली येत होती. गोलपोस्टखाली तांबड्या गोंड्याची टोपी. हातात घंटा, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली.

त्यांनी माझे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले. "जिंकलो आपण, पोरी! जिंकलो आप—" मग त्यांची नजर माझ्या बिल्ल्यावर गेली. हात खाली आले. घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे... जिंकलात तुम्ही. अभिनंदन हं." शेजारच्या घरी लग्न असावं तसं.

मी विचारलं, पाठ कशी आहे. म्हणाले, बरी आहे. पिकअप? तीपण बरी आहे. वेंडेल आभाळाकडे बघत होता.

म्हटलं, पुढच्या वर्षी मी उतारावर येते. डॅडी म्हणाले, "ये की. तिथे काय नंबर थोडेच असतात? गवतच आहे."

गाडीत बसून बिल्ला काढला. स्वेटरचा धागा निघाला.

१८ नोव्हेंबर, सोमवार

परवापासून हिशोब जुळवतेय. घरचे सामने सहा. पहिल्याला ते माझ्या शेजारी होते. उरलेल्या पाचही वेळा ते तिथे होते, मला समोर दिसत होते, ऐकू येत होते. आणि मी लाइनमनचे पाय बघत होते.

ठरलं. खुर्च्या परत करायच्या, ताडपत्री नवी घ्यायची. अजून काही बिघडलेलं नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

बाहेरगावी. ३–३०. सीझन संपला. एक जिंकलो, अकरा हरलो. पुढच्या वर्षी उतारावरून सात.

३० नोव्हेंबर, शनिवार

वेंडेलचा सकाळी फोन. उताराच्या पायथ्याशी पाटी लागलीय. मी पोचले तेव्हा डॅडी आणि तो तिच्यासमोर टोप्या हातात घेऊन उभे होते.

उतार कायमचा बंद. पुढच्या सीझनपासून इथे पदवीधर आणि देणगीदारांसाठी छपराखालच्या खुर्च्या. खाली मोठ्या हिरव्या अक्षरांत: "ज्यांच्या हातांनी हे गाव उभं राहिलं, त्यांनी ओल्या गवतावर का बसावं? — एक पदवीधर."

डॅडी अक्षरांखालून बोट फिरवत सावकाश वाचत होते. मोठ्याने वाचलं. मग म्हणाले, "छान लिहिलंय. शिकलेल्या माणसाचं आहे, लगेच कळतं."

वेंडेल म्हणाला, "छान काय डोंबल! मग बसायचं कुठे आम्ही? गवत नको, असं त्याला सांगायला गेलं होतं कोण?"

डॅडी माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाऊ दे रे. चांगल्या मनाने लिहिलं असेल."

मी हातमोजे चढवले. थंडी फार होती.

निघताना पिकअपमधून त्यांनी घंटा काढून दिली. म्हणाले, "घेऊन जा. मधल्या सुट्टीतून पोरांना वर्गात बोलवायला होईल. तुमच्याकडे घंटा चालते ना?"

म्हटलं, चालते.

संकल्प: एक, ते वाक्य माझं आहे हे डॅडींना उद्याच सांगायचं. उद्या रविवार, ते चर्चला जातात. सोमवारी माझे पेपर तपासायचेत. मंगळवारी नक्की.

दोन,

घंटा टेबलावर आहे. वाटेत वाजून मला त्रास नको म्हणून त्यांनी तिच्या आतल्या लोलकाला आपला जुना मोजा गुंडाळून दिलाय. अजून सोडलेला नाही.