त्या पक्ष्याचं गाव कोलशेत नाही

प्रिय वसंता,

उद्या तुझं वर्षश्राद्ध. खाडीवर तुझ्या नावाचा बोर्ड लागणार होता. तो मी आज थांबवून आले. दुसऱ्या कोणी तुझ्यापर्यंत पोचवायच्या आत मीच सांगते, म्हणून हे पत्र. सातवी शिकलेल्या बहिणीचं अक्षर आहे, लागेल तसं वाच.

दमलेय रे. डोंबिवलीहून कोलशेतला यायचं म्हणजे बसमध्ये हाडं खिळखिळी, मग माजिवड्याला रिक्षावाल्याशी भांडण. आणि कशासाठी? चिमणीएवढ्या एका तपकिरी पक्ष्यासाठी!

तू पहिल्यांदा मला त्याचं सांगितलंस तेव्हा मी बोंबील साफ करत होते. बँकेतून आलास, डबाही न ठेवता सुरू झालास. "बाय, इंग्रजांच्या वेळी एका साहेबाने हा पक्षी मारला, आत कापूस भरला, पायाला चिठ्ठी बांधली आणि बोटीने विलायतेला धाडला. तिथल्या माणसाने त्याला नाव ठेवलं. आता जगात ह्या जातीचे कितीही पक्षी असू देत, नाव त्या एकावर टिकून आहे."

"म्हणजे मेल्यावर बारसं?"

"तसंच समज."

"आणि पाळण्यात कापूस?"

किती हसलास! मग म्हणालास, पुढे दुसऱ्या साहेबाने त्याच जातीला दुसरंच नाव दिलं. एका पोराची दोन बारशी. भांडण झालं, पहिलं नाव खरं ठरलं. म्हणून तो पहिला पक्षी अजून तिकडच्या म्युझियमात खणात जपून ठेवलाय. आणि त्याच्या पायातल्या चिठ्ठीवर लिहिलंय, ठाणे.

झालं! ठाण्याच्या खाडीत हा पक्षी उतरतो कुठे? आपल्यासमोरच्या चिखलात. म्हणजे पक्षी कोलशेतचा! शाळेत सांगितलंस, देवळात सांगितलंस, लग्नाच्या पंगतीत सांगितलंस. गाव आधी हसलं, मग गावाला ते आवडायला लागलं. टॉवर आले, जमिनी गेल्या, पण एक पक्षी तरी आपला, असं लोक बोलायला लागले.

आणि मग तूच घोळ घातलास.

तिकडून त्या खणातल्या पक्ष्याचे फोटो मागवायची काय गरज होती तुला? गप्प बसवत नव्हतं? आजारपणात कॉम्प्युटरपाशी उशी लावून बसायचास. मला जवळ बोलावलंस. "बाय, मानेवर लव दिसते का? हे पिल्लू आहे. धड उडताही येत नसेल त्याला."

"मग?"

"मग काय! हा आपल्याकडे नुसता थंडीला येतो. अंडी घालतो तिकडे लांब, उत्तरेला. आपल्या चिखलात पिल्लू येईल कुठून?"

मग तूच उलगडून सांगितलंस, साहेबाचा बंगला ठाण्याला. माणसं कुठून कुठून पक्षी आणून देणार, तो इथून पेटी पाठवणार. पेटी जिथून निघाली ते गाव पक्ष्याला चिकटलं. मी म्हटलं, मी राहते डोंबिवलीला, पण रेशनकार्डावर अजून ठाण्यातल्या खोपटचा जुना पत्ता आहे, तसंच हे. तू हसला नाहीस. "गावाला सांगायला पाहिजे. बरं वाटलं की सांगतो," एवढंच बोललास.

बरं कुठे वाटलं तुला?

आज आले तर नाक्यावर हा मोठा फ्लेक्स. तुझा फोटो, भावपूर्ण वगैरे, आणि बाजूला फ्लेमिंगो! फ्लेक्स आणि बोर्ड करून घेणाऱ्या बाळाशेठला मी धरलं. "अरे, हा कुठला पक्षी लावलास?"

"आत्या, तुमचा बारका, मातकट. लांबून दिसत नाय. हा गुलाबी कसा उठून दिसतो!"

डोक्याला हात लावला. फ्लेक्सचं सोड, चार दिवसांत फाटेल. पण बोर्ड पत्र्याचा. "ह्या पक्ष्याचं मूळ गाव कोलशेत, शोधक कै. वसंत." पेंटर देवळाच्या हॉलमध्ये अक्षरं आखत बसलेला. मी तिथे गेलेच नाही आधी. सुनंदाकडे गेले. नवरा तिचा, आधी तिला कळायला पाहिजे.

सगळं ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "वन्सं, सुट्टी असली की हे चिखलात. मला कधी कुठे नेलं नाही. आता गाव नाव घेतंय, ते तुम्हाला का खुपतं?"

"खुपत नाही गं. त्यानेच मला सांगितलंय."

"मला नाही सांगितलं!"

तूच सांग. पक्ष्याचे फोटो आले तिच्या घरात, आजारपण तिने काढलं, आणि ही गोष्ट बहिणीला? तिला वाईट वाटेल म्हणून लपवलीस ना? बघ, जास्त वाईट वाटलं.

तिथून हॉलवर गेले. बाळाशेठ म्हणाला, "जाऊ दे ना आत्या. विलायतेला कोण बघायला जातंय?"

"त्यानेच फोटो मागवून बघितलं ना! तो असता तर त्यानेच बोर्ड उतरवला असता."

"लोकांना काय सांगू मी आता?"

तेवढ्यात दारातून आवाज आला. "वन्सं, मग ते पिल्लू कुठलं?" सुनंदा. घरच्याच साडीवर माझ्या मागून आलेली. इतकी वर्षं तुझ्या पक्ष्याबद्दल तिने एक प्रश्न विचारला नव्हता.

"मला माहीत नाही गं. त्यालाही सापडलं नव्हतं."

ती पत्र्यापाशी आली. मग पेंटरला म्हणाली, "पुसा. ह्यांना माहीत नव्हतं, ते ह्यांच्या नावावर लिहू नका."

पेंटरने फडका घेतला. मी खुर्चीत बसले.

उद्या जेवायला गाव जमेल. पानं वाढायच्या आधी मी उभी राहणार आणि सांगणार: वसंत चुकला होता, आणि ती चूक वसंतानेच शोधून काढली. एवढंच. भाषण नाही. आणि सगळे गेले की सुनंदाजवळ बसून, तू मला जे जे बोलला होतास ते तिला पहिल्यापासून सांगेन. मध्ये कंटाळले तरी थांबणार नाही.

तुझी,
बाय